नोंद कुठवर ठेवावी?

आपल्या गल्लीतल्या दुकानदाराला आपल्या घरचे बरेच काही ठाऊक असते. महिन्याला साखर किती लागते, पाहुणे कधी आले, उधारी कधी थकली, हे सारे त्याच्या वहीत असते आणि त्याबद्दल आपली तक्रार नसते. पण तोच दुकानदार वही घेऊन आपल्या मागोमाग एस. टी. स्टँडवर, दवाखान्यात, देवळात किंवा मशिदीत येऊ लागला तर? इंटरनेटवर असेच चालते, फक्त मागून येणारा दिसत नाही.

१९९४ साली नेटस्केप कंपनीतल्या लू मॉन्टुली या तरुणाने ‘कुकी’ तयार केली. खरेदीच्या टोपलीत टाकलेली वस्तू पुढचे पान उघडताच नाहीशी होऊ नये, संकेतस्थळाला आपली आठवण राहावी, असा तिचा साधा उपयोग. म्हणजे दुकानदाराची वहीच ती. पुढे जाहिरात कंपन्यांनी हजारो संकेतस्थळांवर आपली कुकी पेरली आणि वही दुकानाबाहेर पडली.

रत्नागिरीचा हापूसही आता संकेतस्थळांवरून विकला जातो. असे संकेतस्थळ बहुधा इथलाच एखादा मुलगा बांधून देतो. पेटी पोचवायला नाव, पत्ता, फोन नंबर लागणारच. पण जाहिरात कंपनीने दिलेल्या चार ओळी त्याने पानात चिकटवल्या, की पुण्यातल्या गिऱ्हाइकाने काय पाहिले ते त्या कंपनीला कळते. मग आठवडाभर त्याला जिथे तिथे आंबेच दिसतात. आंब्यापुरते हे गमतीचे आहे. त्याच चार ओळी रक्ततपासणीच्या किंवा कर्जाच्या पानावर असल्या, तर गंमत राहत नाही.

नमाजाच्या वेळा सांगणाऱ्या ‘मुस्लिम प्रो’ या मोबाइल अ‍ॅपचे उदाहरण बोलके आहे. वेळा सूर्यावरून ठरतात, म्हणून आपण कोणत्या गावात आहोत हे अ‍ॅपला कळावे लागते. पूर्वी मशिदीच्या भिंतीवरचा छापील तक्ता हे काम करी, आणि कोण वाचून गेला ते त्याला कळत नसे. नोव्हेंबर २०२० मध्ये ‘मदरबोर्ड’ या अमेरिकी नियतकालिकाने उघड केले, की हे अ‍ॅप वापरणाऱ्यांचा ठावठिकाणा एक्स-मोड नावाच्या कंपनीकडे जात होता आणि ती कंपनी अशी माहिती अमेरिकी लष्कराच्या कंत्राटदारांना विकत होती. तोवर हे अ‍ॅप ९ कोटी ८० लाखांहून अधिक वेळा उतरवले गेले होते. बातमी येताच अ‍ॅपच्या मालकांनी एक्स-मोडशी संबंध तोडले. लष्कराला आपण माहिती विकल्याचा आरोप मात्र नाकारला. एक्स-मोड अ‍ॅप बनवणाऱ्यांना काय देई? अमेरिकेत रोजचे ५० हजार वापरणारे असतील तर महिन्याला १५०० डॉलर. माणशी तीन सेंट!

आता प्रोग्रामर म्हणतात, मालकाने सांगितले, आम्ही लिहिले. मला हे पटत नाही. त्या चार ओळी काय करतात हे मालकाला पुष्कळदा कळतही नाही. गिऱ्हाइकाला तर नाहीच. जाणणारा तोच एक. वेळापत्रकाला गाव पुरते, तर घराचा दरवाजा कशाला मागायचा, हे त्यानेच विचारायला हवे. दुसरी सबब जरा वजनदार आहे: फुकट वस्तूचा खर्च जाहिरातच भागवते. खरे आहे. पण या पानाशेजारची जाहिरात ते कोण वाचते आहे हे न विचारताच छापलेली असते. आंब्याच्या पानावर पार्सलवाल्याची जाहिरात लावायला वाचणाऱ्याची कुंडली लागत नाही.

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. २०२३ साली डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा झाला, नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम आले आणि मुख्य कलमांसाठी १८ महिन्यांची मुदत मिळाली. अठरा वर्षांखालील मुलांचा माग काढणे आणि त्यांच्यावर रोखलेल्या जाहिराती, काही सवलती सोडल्या तर, हा कायदा मना करतो. दंड होतो तो कंपनीला; ओळी लिहिणाऱ्याचे नाव कायद्यात कुठेच नाही. मला आवडलेले कलम मात्र वेगळेच. संमती मागणारी सूचना आठव्या परिशिष्टातल्या कोणत्याही भाषेत वाचण्याची सोय ठेवावी लागेल. म्हणजे ‘तुम्ही काय पाहिले ते आम्ही दुसऱ्या कंपनीला कळवतो’ हे वाक्य कुणाला तरी सरळ मराठीत लिहावे लागणार.