मनाच्या आजारांचे वैद्य

अहिल्यानगर जिल्ह्यातील काष्टी गावचा जनावरांचा बाजार प्रसिद्ध आहे. तेथे आलेला जाणता शेतकरी बैलाचे दात पाहतो, त्याला चार पावले चालवितो आणि त्याच्यातील खोड चटकन ओळखतो. शरीराचे दुखणे असे नजरेस पडते. मनाचे दुखणे मात्र लपून राहते. एखादा माणूस अबोल झाला किंवा अकारण भिऊ लागला, की 'याला बाहेरची बाधा झाली' असे म्हणून लोक त्यास मांत्रिकाकडे नेतात. घरची माणसे लाजेने आजार झाकून ठेवतात व उपचाराची वेळ निघून जाते.

मनाचे आजारही इतर आजारांसारखेच असून योग्य उपचारांनी त्यांवर इलाज होऊ शकतो, हे समाजास पटवून देण्यासाठी झटणाऱ्यांत डॉ. मोहन आगाशे यांची गणना होते. त्यांचा जन्म १९४७ साली भोर येथे झाला. पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी शिक्षण घेतले आणि पुढे तेथेच ते मानसोपचारशास्त्राचे प्राध्यापक झाले. १९९१ साली पुण्यात महाराष्ट्र मानसिक आरोग्य संस्था निघाली. तिचे पहिले संचालक डॉ. आगाशे हेच होत.

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे लातूर जिल्ह्यातील किल्लारी परिसरात भीषण भूकंप झाला. हजारो माणसे मृत्युमुखी पडली. पडलेली घरे पुन्हा बांधता येतात. पण ज्यांची मुलेमाणसे डोळ्यांदेखत ढिगाऱ्याखाली गेली, त्यांच्या खचलेल्या मनांचे काय? भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या वतीने या भूकंपग्रस्तांच्या मनःस्थितीचा अभ्यास करण्यात आला. त्याची धुरा डॉ. आगाशे यांनी वाहिली.

ते नामवंत नटही आहेत. 'घाशीराम कोतवाल' या नाटकातील त्यांची नाना फडणविसांची भूमिका विशेष गाजली. जर्मनीतील 'ग्रिप्स' ही मुलांची रंगभूमी त्यांनी मराठीत आणली. या नाटकांत राजाराणी नसतात. मुलांच्या रोजच्या जीवनातील अडचणी असतात. 'अस्तु' या चित्रपटात त्यांनी स्मृती हरपलेल्या वृद्ध पंडिताचे काम केले. दवाखान्यात एका कुटुंबास सांगावयाची गोष्ट त्यामुळे असंख्य प्रेक्षकांपर्यंत पोहोचली. १९९० साली भारत सरकारने त्यांना 'पद्मश्री' देऊन गौरविले.

पाय मोडला म्हणून कोणी कोणास हसत नाही. मन आजारी पडले तरीही हसू नये. ज्याला तसे वाटत असेल, त्याने ते आपल्या माणसांना निःसंकोचपणे सांगावे. आणि ऐकणाऱ्याने त्यास धीर देऊन वेळेवर डॉक्टरांकडे न्यावे.