औषध गाझियाबादेत, बाळंतीण दिल्लीत

जन्मल्यावर बाळ बहुधा ठीकच असते. वजन थोडे कमी भरते, पण ते रडते, अंगावर घेतले की दूध ओढते. मग कधी चोवीस तासांत, कधी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्याचे हातपाय थरथरू लागतात. रडणे किनरे होते आणि थांबत नाही. शिंकांवर शिंका येतात, दूध टिकत नाही, जुलाब होतात, झोप लागताच मोडते. नातेवाईक दृष्ट काढतात; पोटात दुखत असेल, असे कुणी म्हणते. आईला मात्र ती थरथर ओळखीची असते. तिच्या स्वतःच्या अंगालाही ती अनेकदा सुटलेली असते. दिल्लीत स्मॅक ओढणारे तिला ‘तोड’ म्हणतात, मुंबई-पुण्याकडे तिलाच ‘टर्की’ म्हणतात. तरीही आई बोलत नाही, कारण बोलले तर बाळ हिरावून घेतले जाईल, नवऱ्याचे घर सुटेल किंवा पोलीस येतील, असे तिला वाटत असते.

अशा बाळाला ‘व्यसनी बाळ’ म्हणण्याची जी प्रथा वृत्तपत्रांत पडली आहे, ती चुकीची आहे. व्यसन म्हणजे परिणाम दिसत असूनही पदार्थामागे धावणे. नवजात अर्भक कशामागेही धावत नाही. गर्भात असताना नाळेतून येणारा पदार्थ एकाएकी बंद झाल्याने त्याचे शरीर बिथरलेले असते, आणि योग्य देखभाल मिळाली तर काही दिवसांत किंवा आठवड्यांत ते सावरते. खरा प्रश्न त्याच्या आईचा आहे, आणि तो प्रसूतीच्या कितीतरी आधी सुरू होतो.

सामाजिक न्याय मंत्रालयासाठी ‘एम्स’च्या राष्ट्रीय व्यसन उपचार केंद्राने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सर्वेक्षणानुसार देशात सुमारे २ कोटी २६ लाख लोक अफू, हेरॉइन किंवा त्याच जातकुळीतील वेदनाशामक औषधांचे सेवन करतात. त्यांपैकी सुमारे ७७ लाखांना मदतीची गरज आहे. अशा गरजूंची संख्या मोठी असलेल्या राज्यांत उत्तर प्रदेश, पंजाब, हरियाणा आणि दिल्ली यांच्या जोडीला महाराष्ट्रही आहे. या आकड्यांत स्त्रियांचा वाटा लहान दिसतो, पण त्यावर फार विसंबू नये. दारावर आलेल्या अनोळखी प्रगणकाला सासू शेजारी बसलेली असताना कोणती सून खरे उत्तर देईल?

गर्भ राहिल्याचे कळले की घरचे, शेजारचे आणि पुष्कळदा डॉक्टरही एकच सल्ला देतात : आजपासून सगळे बंद. सल्ल्यामागचा हेतू चांगला असतो, परंतु वैद्यकशास्त्र नेमके उलटे सांगते. स्मॅकचा अंमल काही तासांतच उतरतो, त्यामुळे आईबरोबर गर्भही दिवसातून अनेकदा नशा आणि तोड यांच्यामध्ये हेलकावे खातो. सगळे एकदम बंद केले तर गर्भावर ताण येतो, अकाली प्रसूतीचा धोका वाढतो आणि बहुसंख्य स्त्रिया काही आठवड्यांत पुन्हा स्मॅककडे वळतात. त्या वेळी शरीराची सहनशक्ती घटलेली असल्यामुळे जुनीच मात्रा जिवावर बेतू शकते. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने २०१४च्या मार्गदर्शक सूचनांत गर्भवतींना नशामुक्तीच्या घाईऐवजी मेथाडोन किंवा ब्यूप्रेनॉर्फिनवर स्थिर ठेवण्याची शिफारस केली.

ब्यूप्रेनॉर्फिनची गोळी जिभेखाली ठेवतात. तिचा अंमल दिवसभर टिकतो, तोड थांबते, पण नशा चढत नाही. २०१० मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका महत्त्वाच्या अभ्यासात ब्यूप्रेनॉर्फिन घेणाऱ्या मातांच्या बाळांना मेथाडोन घेणाऱ्या मातांच्या बाळांपेक्षा ८९ टक्के कमी मॉर्फिन लागले आणि रुग्णालयातील त्यांचा मुक्काम सरासरी १७.५ दिवसांवरून १० दिवसांवर आला. त्याच अभ्यासाची दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे : ब्यूप्रेनॉर्फिन घेणाऱ्या गटातील ३३ टक्के स्त्रियांनी उपचार मध्येच सोडले, तर मेथाडोनच्या गटात हे प्रमाण १८ टक्के होते. तेव्हा यांपैकी एकच औषध सर्वांसाठी रामबाण ठरवता येणार नाही.

हे औषध मिळवण्यासाठी परदेशाकडे पाहण्याची गरज नाही. राष्ट्रीय व्यसन उपचार केंद्र राजधानीच्या वेशीवर, गाझियाबादमध्ये आहे. दिल्लीतील त्रिलोकपुरी आणि सुंदरनगरीसारख्या वस्त्यांत या केंद्राने दवाखाने चालवले आहेत. अडचण औषधाच्या टंचाईची नाही, त्याच्यापर्यंत पोहोचण्याच्या वाटेची आहे. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेची ब्यूप्रेनॉर्फिन केंद्रे मुळात सुईने नशा करणाऱ्यांसाठी, एचआयव्हीचा प्रसार रोखण्याच्या हेतूने उभी राहिली. पन्नीवर स्मॅक जाळून धूर ओढणारी स्त्री त्या चौकटीत बसत नाही. स्वयंसेवी संस्थांची निवासी व्यसनमुक्ती केंद्रे सामाजिक न्याय मंत्रालयाच्या अनुदानावर चालतात, आणि तिथला सारा रिवाज पुरुष रुग्ण डोळ्यांसमोर ठेवून घडलेला आहे. प्रसूतीची व्यवस्था आरोग्य मंत्रालयाच्या वेगळ्या विभागाकडे. एकाच बाईच्या एकाच पोटासाठी तीन दारे आणि तीन केसपेपर!

पूर्व दिल्लीत दिलशाद गार्डनला गुरू तेगबहादूर रुग्णालय आणि मानसिक आरोग्यासाठीची ‘इहबास’ ही संस्था एकमेकींना लागून आहेत. एकीकडे अहोरात्र बाळंतपणे चालतात, दुसरीकडे व्यसनांवर उपचार होतात. अंतर चार पावलांचे असूनही सात महिन्यांच्या गर्भवतीला ते फार मोठे असते, कारण त्या दुसऱ्या फाटकातून आत शिरताना कुणी पाहिले तर तिच्याबद्दल घरी काय बोलले जाईल, हे तिला पक्के ठाऊक असते. त्यातून गोळी रोज केंद्रावर येऊन, कर्मचाऱ्यांच्या देखत घेण्याचा दंडक. या कडकपणाला कारण आहे : ब्यूप्रेनॉर्फिनची इंजेक्शने आपल्याकडे नशेसाठीही वापरली गेली आहेत. परंतु २०२०च्या टाळेबंदीत अनेक दिवसांच्या गोळ्या घरी देण्याची मुभा द्यावीच लागली होती. तीच मुभा गर्भवतींना कायमची का असू नये?

प्रसूतिकक्षातील अज्ञानही महागात पडते. कळा कमी करण्यासाठी पेंटाझोसिनसारखे इंजेक्शन दिले, तर ब्यूप्रेनॉर्फिन किंवा मेथाडोन घेणाऱ्या स्त्रीला तिथेच तीव्र तोड सुरू होऊ शकते. बाळाने लगेच श्वास घेतला नाही म्हणून सवयीने नॅलोक्सोन टोचले, तर त्याला झटके येऊ शकतात. ‘आधीच नशेची सवय आहे, हिला वेदनाशामक कशाला?’ हा तर्कही तितकाच घातक आहे, कारण अशा स्त्रियांना वेदना कमी होत नाहीत, उलट वेदनाशामकाची नेहमीची मात्रा अपुरी पडते. हे सारे टाळायचे तर डॉक्टरांना आधी माहिती हवी, आणि ती हवी तर आईने न घाबरता सांगायला हवे.

नवजाताच्या उपचारांत गेल्या काही वर्षांत मोठा बदल झाला आहे. फिलाडेल्फियाच्या डॉ. लोरेटा फिनेगन यांनी १९७५ मध्ये मांडलेली गुणपद्धती जगभर वापरली गेली : थरथर, शिंका, जांभया यांची बेरीज करायची आणि ठरावीक गुण भरले की मॉर्फिन द्यायचे. आता तीनच प्रश्न विचारले जातात. बाळ नीट पिते का? झोपते का? जवळ घेतले की शांत होते का? अमेरिकेतील २६ रुग्णालयांत, १,३०५ बाळांवर केलेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या पद्धतीने घरी सोडण्यायोग्य होण्याचा काळ १४.९ दिवसांवरून ८.२ दिवसांवर आला. औषध द्यावे लागणाऱ्या बाळांचे प्रमाण ५२ टक्क्यांवरून १९.५ टक्क्यांवर उतरले. मंद उजेड, शांतता, अंगावरचे दूध आणि कुशी हेच पहिले औषध ठरले. ब्यूप्रेनॉर्फिन घेणाऱ्या आईचे दूध बाळाला चालते, दुधात औषधाचा अंश अत्यल्प उतरतो.

या बाबतीत दिल्लीने जगाला आधीच एक धडा दिला आहे. कमी वजनाच्या बाळांना जन्मताच आईच्या छातीशी बांधून ठेवण्याचा जागतिक आरोग्य संघटनेचा अभ्यास पाच देशांत झाला आणि सफदरजंग रुग्णालय त्यातील भारतीय केंद्र होते. २०२१ मध्ये त्याचे निष्कर्ष आले : पहिल्या २८ दिवसांतील मृत्यूंचे प्रमाण १५.७ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर घसरले. त्यासाठी आईची खाट नवजात अतिदक्षता कक्षातच आणावी लागली. तोड सोसणाऱ्या बाळांचा आजार वेगळा असला तरी त्यांना हवी असलेली खोली हीच आहे. मात्र ४८ तासांत खाट रिकामी करण्याची घाई इथे चालणार नाही. ब्यूप्रेनॉर्फिनची तोड उशिरा दिसते, म्हणून बाळावर चार ते सात दिवस लक्ष ठेवावे लागते.

कायद्याची भीती सर्वांत खोल रुजलेली असते, आणि ती निराधार नाही. १९८५च्या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कलम २७ नुसार सेवन हाही गुन्हा आहे. त्याच कायद्याचे कलम ६४अ स्वेच्छेने उपचार घेणाऱ्या व्यसनग्रस्ताला खटल्यापासून संरक्षण देते, पण हे कलम वस्तीतल्या बाईपर्यंत पोहोचवायचे कुणी? अमेरिकेतील टेनेसी राज्याने २०१४ मध्ये उलटी वाट धरून गर्भवतींच्या नशेला मारहाणीच्या गुन्ह्यात बसवले. स्त्रिया तपासणी टाळू लागल्याची टीका झाली आणि २०१६ मध्ये त्या कायद्याची मुदत संपू देण्यात आली. आपल्याकडील २०१७चा मानसिक आरोग्य कायदा त्याहून सुज्ञ आहे. मद्य आणि अमली पदार्थांमुळे उद्भवणाऱ्या मानसिक अवस्था त्याच्या कक्षेत येतात, आणि कलम २१ बजावते की उपचार घेणाऱ्या स्त्रीपासून तिचे तीन वर्षांखालील मूल सामान्यतः वेगळे करू नये. करावे लागलेच, तर त्या निर्णयाचा दर पंधरा दिवसांनी फेरविचार व्हावा. बाळासह आईला दाखल करून घेता येईल अशी व्यसनोपचाराची किती केंद्रे आपल्याकडे आहेत, हे प्रत्येक राज्याच्या आरोग्यमंत्र्यांना विधिमंडळात विचारले गेले पाहिजे. पुण्याच्या ‘मुक्तांगण’ने स्त्रियांसाठी ‘निशिगंध’ हा स्वतंत्र विभाग उभारला, पंजाबने कपूरथळ्यात केवळ स्त्रियांचे सरकारी केंद्र सुरू केले. अशी नावे अजून बोटांवर मोजावी लागतात.

आईपासून बाळाला होणारा एचआयव्ही रोखण्याचे काम या देशाने करून दाखवले आहे. तपासणी प्रत्येक गर्भवतीला देऊ केली, म्हणून कुणा एकीवर शिक्का बसला नाही. २०१४ पासून बाधित मातेला केवळ बाळापुरते नव्हे, तर स्वतःसाठी आयुष्यभर औषध मिळू लागले. तोच साचा इथे लागू पडतो. २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी रुग्णालयांत गर्भवतींची विशेष तपासणी होते. त्याच टेबलावर, रक्तदाब आणि हिमोग्लोबिनच्या बरोबरीने, घरच्यांना बाहेर बसवून नशेचा प्रश्न सर्वांनाच विचारता येईल. उत्तर ‘हो’ आले, तर गोळी प्रसूती विभागातच मिळावी, आणि प्रसूतीनंतरही ती तुटू नये. बाळंतपणानंतरचे वर्ष पुन्हा घसरण्याच्या दृष्टीने सर्वांत धोक्याचे असते. जाग्रणे असतात, शरीर थकलेले असते, आणि पोटातल्या बाळासाठी म्हणून बांधलेला निश्चय ढिला पडतो. बाळाच्या लसी सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्याला असतात. त्या दिवशी आई कडेवर मूल घेऊन येतेच. तिची पुढच्या काही आठवड्यांची गोळी त्याच खिडकीवर मिळायला हवी.