पेटीतला बर्फ आणि वालातली साखर

पुण्यात मेंदूमृत दात्याचे यकृत मुंबईच्या रुग्णाला मिळते, तेव्हा द्रुतगती मार्गावर त्याच्यासाठी वाट मोकळी केली जाते. खालापूरचा टोलनाका, बोरघाट, सायरन... दुसऱ्या दिवशी ‘ग्रीन कॉरिडॉर’ची बातमी येते, त्यात किलोमीटर आणि मिनिटे असतात. पेटीतले तापमान कोणी छापत नाही. माझ्या मते बातमी तिथेच आहे.

रक्त थांबलेल्या यकृताला शरीराच्या उबेत फार काळ तग धरता येत नाही. ४ अंशांवर मात्र त्याची प्राणवायूची गरज साधारण दहाव्या हिश्शावर येते. म्हणून बर्फ. पण बर्फाबर्फात फरक असतो. वितळणारा बर्फ ० अंशावर असतो आणि तो यकृताला सोसतो, कारण पेशींतले खारट पाणी शून्याच्या किंचित खाली गेल्याशिवाय गोठत नाही. डीप फ्रीजरमधून नुकताच काढलेला बर्फ उणे १८ अंशांचा; तो जिथे टेकेल तिथल्या पेशी मेल्याच. यकृत एकात एक अशा तीन पिशव्यांत ठेवतात ते यासाठीही.

बर्फ नीट सांभाळला तरी थंडीची दुसरी खोड उरते. सोडियम बाहेर फेकणारे पेशीतले पंप मंदावतात, सोडियम आत शिरते आणि त्याच्यामागून पाणी. बिरड्यासाठी रात्री भिजत घातलेले वाल सकाळी टम्म होतात, तशा पेशी फुगतात. पाणी बाहेरच रोखायचे तर यकृत ज्या द्रावणात ठेवतात, त्यात पेशीत न शिरणारे काहीतरी हवे. जुन्या द्रावणात ग्लुकोज होते. मूत्रपिंडाचे त्यावर भागले, पण यकृताच्या पेशी ग्लुकोजला सहज आत घेतात! विस्कॉन्सिन विद्यापीठातले शल्यविशारद फोकर्ट बेल्झर आणि जीवरसायनशास्त्रज्ञ जेम्स साउदर्ड यांनी त्याऐवजी लॅक्टोबायोनेट आणि रॅफिनोज हे मोठे रेणू घेतले. रॅफिनोज म्हणजे वाल-चवळीतली, आपल्याला न पचणारी साखर. कर्जत-खालापुरात वालाच्या शेंगांची पोपटी खाल्ल्यावर दुसऱ्या दिवशी पोट गुरगुरते, त्यात तिचाही हात असतो. १९८७ साली मॅडिसनमध्ये हे द्रावण माणसाच्या यकृतासाठी वापरले गेले. सहा-आठ तासांची मुदत बारा तासांच्या पुढे गेली आणि मध्यरात्रीची धावपळ बरीच थांबली. बाटलीवर नाव मात्र बेल्झरचे. रसायनवाल्यांच्या नशिबी बहुधा हेच.

म्हणून यकृताच्या बाबतीत सायरनचे कौतुक मला जरा जास्तच वाटते. हृदयाला जेमतेम चार तास मिळतात, तिथे घाटातली मिनिटे मोलाची खरीच. यकृताला मोठा धोका शस्त्रक्रियेच्या टेबलावर असतो. रक्तवाहिन्या शिवायला पाऊण तास लागला, तर तेवढा वेळ ते रुग्णाच्या पोटात बिनरक्ताचे, हळूहळू कोमट होत पडून असते. भूक वाढते, पुरवठा शून्य. शिवाय त्या द्रावणात पोटॅशियम भरपूर. ते आधी धुऊन काढले नाही, तर रक्त सोडताच रुग्णाचे हृदय थांबू शकते.

आता उलट्या वाटेची यंत्रे आली आहेत. ऑक्सफर्डच्या पीटर फ्रेंड आणि कॉन्स्टंटिन कुसिऑस यांच्या यंत्रात यकृत ३७ अंशांवर, रक्त खेळवत, जिवंत ठेवतात. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या युरोपातल्या चाचणीत बाद कराव्या लागणाऱ्या यकृतांचे प्रमाण निम्म्यावर आले. ‘बर्फाचे युग संपले’ अशा मथळ्यांवर जाऊ नका, कारण प्रत्येक यकृतामागे नळ्यांचा नवा महागडा संच लागतो. पण एक सोय बर्फात कधीच नव्हती: यंत्रावरचे यकृत पित्त तयार करते का, रक्तातले लॅक्टेट उतरवते का, हे बघून ते वापरायचे की नाही याचा निर्णय रुग्णाचे पोट उघडण्याआधीच घेता येतो.