सिगार, विडी आणि मोहाची दारू

सिगार व मद्याची जोडी ठरवताना एकाच्या तीव्रतेने दुसऱ्याची चव झाकली जाऊ नये, हा मुख्य निकष मानला जातो. म्हणून सौम्य सिगारसोबत हलके मद्य, तर कडक सिगारसोबत जुनी रम निवडली जाते. बुलढाणा जिल्ह्यातील वरवट बकालच्या उत्तरेकडील सातपुड्यात या जोडीचे अस्सल देशी रूप म्हणजे विडी आणि मोहाची दारू. पहाटे गळणारी मांसल, गोड मोहफुले वाळवून, भिजवून व आंबवून, ऊर्ध्वपातनाने, म्हणजे वाफ थंड करून, काढलेल्या या दारूचा गंध विडी ज्यात वळतात त्या टेंभुर्णीच्या पानाच्या धुराशी उत्तम जुळतो. सिगारचे बाह्य वेष्टनही तंबाखूच्याच पानाचे असल्याने हा रानगंध तिच्यात सापडत नाही.