जुनी जपानी मोटार : गंज, दुरुस्ती आणि निगा

जुन्या वस्तूची डागडुजी हा विषय आपल्याला नवा नाही. आजोबांचे भिंतीवरचे घड्याळ असो, शिसवी कपाट असो, की वाड्याचा दिंडी दरवाजा असो, ते नीट करायला काढले की एक प्रश्न हटकून पुढे येतो. जुने किती ठेवायचे आणि नवे किती घालायचे? हाच प्रश्न आज आपण एका जपानी मोटारीच्या निमित्ताने पाहू. मोटारीचे नाव डॅटसन २४० झेड.

आधी तिची ओळख करून घेऊ. निसान कंपनीने ही दोन आसनांची वेगवान मोटार १९६९ च्या ऑक्टोबरात जपानात पुढे आणली. तिथे तिचे नाव फेअरलेडी झेड. अमेरिकेत मात्र ती डॅटसन २४० झेड म्हणून विकली गेली. कंपनीचा अमेरिकेतला कारभार तेव्हा युताका कातायामा यांच्याकडे होता, आणि ह्या मोटारीमागे त्यांचा मोठा आग्रह होता. हे गृहस्थ पुढे १०५ वर्षे जगले आणि २०१५ साली वारले. मोटारीच्या इंजिनात एका ओळीत सहा सिलिंडर, मिळून २,३९३ घनसेंटिमीटर. गाडीचे वजन एक टनाच्या आसपास, आणि अमेरिकेत सुरुवातीची किंमत ३,५२६ डॉलर. युरोपातल्या त्याच तोडीच्या मोटारींपेक्षा ती पुष्कळ स्वस्त होती.

‘जपानी माल म्हणजे स्वस्त आणि तकलादू’ असे त्या काळी आपल्याकडेही लोक सर्रास म्हणत. त्या बोलण्याला ह्या मोटारीने रस्त्यावर उत्तर दिले. पूर्व आफ्रिकेतली सफारी रॅली म्हणजे चिखल, धूळ आणि खाचखळगे यांतून हजारो किलोमीटरची शर्यत. ती शर्यत ह्या मोटारीने १९७१ साली जिंकली आणि १९७३ साली पुन्हा जिंकली. १९७३ चा विजेता चालक होता युगांडात जन्मलेला, भारतीय वंशाचा शेखर मेहता.

आता तुम्ही म्हणाल, एवढी दणकट मोटार, मग तिला बिघडवले कोणी? इंजिनाने नव्हे, बरं का. ह्या मोटारीचे इंजिन बिडाच्या ब्लॉकचे, साधे आणि टिकाऊ. नीट तेलपाणी मिळाले तर ते वर्षानुवर्षे कुरकुर करत नाही. तिचा खरा वैरी पाणी. दुखणे येते हत्तीच्या पावलाने आणि जाते मुंगीच्या पावलाने, असे आपण म्हणतो. गंजाचे उलटे आहे. तो येतो मुंगीच्या पावलाने, आणि आला की जातच नाही.

गंज म्हणजे काय, हे शिक्षक मंडळींना सांगायला नकोच. लोखंडाला हवेतला प्राणवायू आणि पाणी दोन्ही मिळाले की गंज चढतो, यांपैकी एक नसेल तर चढत नाही. शाळेत तीन परीक्षानळ्यांत खिळे ठेवून आपण हेच दाखवतो. पाण्यात मीठ असेल तर हे काम अधिक झपाट्याने होते. अमेरिकेच्या थंड भागात रस्त्यावरचे बर्फ वितळावे म्हणून मीठ टाकतात. त्या मिठाच्या पाण्याने तिथल्या कितीतरी मोटारी खालून खाऊन टाकल्या.

त्यातून ह्या मोटारीला वेगळा सांगाडा नाही. ट्रकला किंवा जीपला खाली भक्कम चौकट असते आणि तिच्यावर टप ठेवलेला असतो. इथे पत्रा हाच सांगाडा. पत्रे दुमडून, एकमेकांना जोडून सगळी ताकद आणलेली, आणि पत्रा पातळ. म्हणून पत्रा कुजला म्हणजे नुसते रूप गेले असे नव्हे, हाडच मोडले असे समजावे.

पाणी शिरते कुठून, ते बघा. समोरच्या काचेखाली एक पन्हळीसारखी पोकळी आहे. तिच्यात पाने साचली की पाण्याची वाट तुंबते. बॅटरीतले आम्ल खाली सांडते आणि बॅटरीचे तबक खाऊन त्याखालच्या तुळईसारख्या पट्टीपर्यंत पोचते. दाराखालचा पत्र्याचा उंबरठा, मागच्या चाकाच्या पुढचा कोपरा, पायाखालची जमीन, जादा चाक ठेवायचा खड्डा, ह्या साऱ्या ठिकाणी ओल दडून बसते. वरून रंग तुकतुकीत, आत चाळण.

म्हणून अशी मोटार घेताना किंवा दुरुस्तीला काढताना पहिले हत्यार कोणते? पाना नव्हे, एक साधे लोहचुंबक. ते कापडात गुंडाळून पत्र्यावरून हळूहळू फिरवावे. जिथे ते धरत नाही तिथे पत्रा नाही, लांबी म्हणजे पुट्टी भरलेली आहे. दिसतं तसं नसतं, म्हणून जग फसतं. ही म्हण जुन्या मोटारींच्या बाजारात तर पदोपदी आठवावी.

मग काम सुरू कसे करायचे? खोलण्याआधी टिपणे ठेवावीत. प्रत्येक भागाचे छायाचित्र घ्यावे, प्रत्येक नटबोल्ट पिशवीत घालून वर चिठ्ठी लावावी. आज लक्षात आहे ते सहा महिन्यांनी राहत नाही. त्यानंतर दारांच्या फटी मोजून लिहून ठेवाव्यात. दाराखालचा उंबरठा कापला की मोटार मध्येच वाकू शकते. म्हणून कापण्यापूर्वी आतून लोखंडी आधार जोडतात आणि काम झाल्यावर फटी पुन्हा मोजतात. माप जुळले तरच काम बरोबर. नवा तुकडा जोडतानाही वेल्डिंगची लांब ओळ ओढायची नाही. थोडे इथे, थोडे तिथे, असे टाके घालत जायचे, कारण एका जागी उष्णता साठली की पातळ पत्रा पापडासारखा वाकडा होतो. शेवटी बंद पोकळ्यांत मेणासारखे गंजरोधक फवारायचे आणि पाणी निघून जाण्याची भोके मोकळी ठेवायची. ही भोके बुजवणारा कारागीर घरातच चोर कोंडतो म्हणायचे.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. किती कापायचे? ह्याचे उत्तर जपानातच दोन तऱ्हांनी दिलेले आहे. इसे येथील शिंतो देवस्थान दर वीस वर्षांनी शेजारच्या जागेवर नव्या लाकडात जसेच्या तसे पुन्हा उभारतात. २०१३ साली ते असे बांधले गेले. तिथे लाकूड जपत नाहीत, रूप आणि बांधण्याची विद्या जपतात. उलट नाराजवळच्या होर्यूजी मठातल्या लाकडी इमारती तेराशे वर्षांहून जुन्या आहेत आणि त्याच उभ्या आहेत. जपानी सुतारांची एक जुनी रीत आहे. खांबाचा तळ कुजला तर सगळा खांब काढायचा नाही. कुजका तेवढा कापायचा आणि खाली नवे लाकूड खाचेत असे बसवायचे की भार पुन्हा जमिनीवर नीट उतरावा.

मोटारीच्या बाबतीत ही दुसरी रीत मला पटते. पत्रा जिथे खरोखर संपला तिथे तो कापलाच पाहिजे, त्यात भावना आणू नये, कारण माणसांचा जीव त्यावर आहे. पण जो भाग धड आहे तो केवळ चकचकीत दिसावा म्हणून फेकू नये. १९७० सालच्या कामगाराच्या हातची जोडणी एकदा भंगारात गेली की पैशाने परत येत नाही. सुटे भाग एक वेळ पुन्हा बनतात. टोयोटाने २०२० सालापासून आपल्या काही जुन्या मोटारींचे भाग नव्याने बनवायला घेतले. माझ्दाने २०१८ साली आपल्या पहिल्या रोडस्टर मोटारी मालकांकडून घेऊन दुरुस्त करून देण्याचे काम सुरू केले. निसाननेही अमेरिकेत १९९६ च्या सुमारास जुन्या २४० झेड विकत घेऊन, नीट करून पुन्हा विकल्या होत्या, पण त्यांची संख्या शंभराच्या जवळपासही गेली नाही. असे काम कारखान्याच्या वेगाने होत नसते.

काही बदल मात्र करावेतच. ह्या मोटारीत पुढच्या दिव्यांचा सगळा प्रवाह चालकाजवळच्या खटक्यातून जातो. तारा आणि जोड जुने झाले की विरोध वाढतो आणि खटका तापतो. तेव्हा आड एक रिले बसवून खटक्यावरचा भार कमी करावा. बदल असा करावा की पुढच्या माणसाला तो काढून मूळ रचना परत आणता येईल.

आता निगा. वर्षानुवर्षे उभी असलेली मोटार एकदम किल्ली फिरवून चालू करू नये. टाकीतले पेट्रोल डिंकासारखे झालेले असते, ते काढावे. प्लग काढून सिलिंडरांत थोडे तेल सोडावे आणि इंजिन पान्याने हातानेच फिरवून पाहावे. अडकले तर जोर करू नये. ब्रेक तर इंजिनाच्याही आधी नीट करावेत. ब्रेकचे तेल हवेतली ओल शोषून घेते, म्हणून दोन वर्षांनी ते बदलावे. इंधनाच्या जुन्या रबरी नळ्याही बदलाव्यात, कारण आजच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलेले असते आणि जुन्या रबराला ते मानवत नाही. आपल्या उसाच्या मळीतून निघणारा अल्कोहोल तो हाच. तेव्हा घरात जुनी राजदूत किंवा येझदी असेल तर हा सल्ला तिलाही लागू आहे.

इंजिनाचा ब्लॉक बिडाचा आणि वरचे हेड ॲल्युमिनियमचे. दोन धातूंमध्ये नुसते विहिरीचे पाणी भरले तर हेड झिजते. गंजरोधक मिसळलेले कूलंटच घालावे आणि वेळेवर बदलावे. व्हॉल्व्हची फट, इंजिन थंड असताना, आत घेणाऱ्या व्हॉल्व्हला ०.२० मिलिमीटर आणि बाहेर सोडणाऱ्याला ०.२५ मिलिमीटर ठेवावी. कार्बोरेटर दोन असून प्रत्येकाकडे तीन सिलिंडर आहेत. दोघांनी सारखी हवा ओढली पाहिजे. जुने मेस्त्री रबरी नळीचे एक टोक कानाशी आणि दुसरे कार्बोरेटरच्या तोंडाशी धरून दोन्हीकडचा फुसकारा ऐकतात आणि स्क्रू फिरवून आवाज जुळवतात. डॉक्टरांनी छाती तपासावी तसेच हे.

मोटार चालवावी मात्र जरूर. नुसती उभी ठेवली तर रबर सुकते, ब्रेक चिकटतात. पाच मिनिटे जागच्या जागी चालू करणे तर आणखी वाईट, कारण इंजिन पुरते तापत नाही आणि तेलात ओल साचते. काही मैल फिरवून, पूर्ण तापवून आणावी.

शेवटी एकच सांगणे. एक वही ठेवा. कोणता पत्रा बदलला, कोणता मूळचा आहे, फट किती ठेवली, तेल कधी घातले, सारे तारखेसह लिहा. नळीने इंजिनाचा श्वास ऐकणारे मेस्त्री आता म्हातारे झाले आहेत, आणि त्यांच्या हाताखाली शिकणारी मुले थोडी आहेत. त्यांना विचारून, ते सांगतील ते त्याच वहीत उतरवून घ्या. मोटार दुसऱ्याला देण्याची वेळ आली तर किल्लीबरोबर ती वहीही द्या.