सोलोरिना क्रोसिया

(कुल-पेल्टिजेरेसी). उत्तर ध्रुवाभोवतालच्या प्रदेशांत व उंच पर्वतांवर वृक्षरेषेच्या वर आढळणारे एक पर्णाभ शैवाक. शैवाकाचे शरीर कवक व शैवल यांच्या सहजीवनातून बनते. महाराष्ट्रात मसाल्यात घालतात ते दगडफूल हेही शैवाकच होय. या जातीचे वर्णन लिनीअस यांनी १७५३ मध्ये केले. ‘क्रोसिया’ म्हणजे केशरी; ओळख पटविण्यास हा एक शब्द बहुधा पुरेसा ठरतो.

मात्र हा रंग वरून दिसत नाही. कायकाचा (शरीराचा) वरचा पृष्ठभाग ओला असताना हिरवा व वाळल्यावर करडा-तपकिरी असून तो मातीत सहज मिसळून जातो. खंडाची कड अलगद उचलल्यास खालचा भडक नारिंगी रंग व त्यावरील तपकिरी शिरा दिसतात. कोरड्या हवेत कडा आपोआप वर वळतात, तेव्हा हात लावण्याचीही गरज नसते. सोलोरिनिक अम्लादी रंजकद्रव्यांमुळे आलेला हा रंग दाहक पोटॅशच्या विद्रावाने जांभळट तांबडा होतो. तांबूस तपकिरी, चकतीसारखी फलांगे वरच्या पृष्ठभागावरच असतात. पेल्टिजेरा या प्रजातीत ती खंडांच्या टोकांवर, तर नेफ्रोमा प्रजातीत टोकांच्या खालच्या बाजूस येतात. सो. सॅकाटा ही जाती खालून फिकट असून चुनखडीयुक्त जमिनीत वाढते.

सो. क्रोसियाला याउलट चुना नसलेली, अम्लधर्मी, रेताड व ओलसर जमीन लागते. जेथे बर्फ उन्हाळ्यात उशिरापर्यंत टिकते व वितळते पाणी झिरपत राहते, असे उतार त्याचे खास वसतिस्थान होत. तेथे इतर वनस्पतींना वाढीस पुरेसा काळ मिळत नाही. कायकातील हिरव्या शैवलाच्या थराखाली नॉस्टॉकचा थर असतो. तो हवेतील नायट्रोजन स्थिर करीत असल्याने निकस मातीतही शैवाकाचे भागते.

आइसलँड, नॉर्वे, आल्प्स इ. ठिकाणी ते आढळते. ब्रिटनमध्ये ते स्कॉटलंडच्या उंच पर्वतांपुरतेच मर्यादित आहे. तेथील ब्रेरियाख पर्वतावरील ‘स्फिंक्स’ हा सर्वांत चिवट हिमखंड विसाव्या शतकात १९३३, १९५९ व १९९६ अशा तीनच वर्षी पूर्ण वितळला होता. २०१७, २०१८, २०२१ व २०२२ मध्ये तो पुन्हा नाहीसा झाला. बर्फ लवकर हटल्यास गवते व शेवाळी अशा जागा व्यापू शकतात. बेन नेव्हिस हे तेथील सर्वोच्च शिखरही अवघे १,३४५ मी. उंच असल्याने शैवाकाला आणखी वर सरकण्यास फारशी जागा नाही.