साहेबांसोबत ‘बसणे’ आणि नोकरीत पुढे जाणे

साहेबांसोबत संध्याकाळी दारूला ‘बसले’ तरच ओळख पक्की होते आणि बढतीचा मार्ग मोकळा होतो, ही समजूत यवतमाळ जिल्ह्यातील नोकरदार तरुणांमध्ये चांगलीच रुजलेली आहे. लोहारा एमआयडीसीत पहिला पगार घेणारा कामगार, वणीच्या कोळसा खाणीत कंत्राटदाराकडे लागलेला सुपरवायझर, यवतमाळ किंवा पुसदच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून नागपूर-पुण्याला गेलेला पदवीधर अशा सर्वांना ती ऐकवली जाते. घरात आधी कोणी नोकरी केलेली नसेल, तर हा सल्ला खरा की खोटा हे विचारायलाही कोणी नसते. म्हणून सर्वात जास्त नुकसान अशाच मुलांचे होते.

या समजुतीच्या बाजूने अमेरिकेतील एका अभ्यासाचा दाखला दिला जातो. 2006 मध्ये बेथनी पीटर्स आणि एडवर्ड स्ट्रिंगहॅम या अभ्यासकांनी मांडले की दारू पिणारे न पिणाऱ्यांपेक्षा 10 ते 14 टक्के अधिक कमावतात. आकडे खरे असले तरी त्यांतून काढला जाणारा अर्थ चुकीचा आहे. चांगली कमाई असलेल्याला पार्टीचा खर्च परवडतो, म्हणजे कारण आणि परिणाम उलटेही असू शकतात. शिवाय न पिणाऱ्यांच्या गटात आजारपणामुळे दारू सोडलेली माणसेही मोजली जातात आणि त्यांची कमाई आजारामुळेच घटलेली असते. अमेरिकी समाजाचा हा अभ्यास यवतमाळच्या जिनिंग कारखान्याला किंवा तहसील कार्यालयाला लागू पडेल, असे मानायला काहीही आधार नाही.

‘आजकाल सगळेच घेतात’ हेही खरे नाही. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील 15 वर्षांवरील पुरुषांपैकी सुमारे 14 टक्के, तर स्त्रियांपैकी अर्ध्या टक्क्याहूनही कमी जणींनी दारू पीत असल्याचे सांगितले. अशा पाहणीत काही जण खरे सांगत नाहीत, हे गृहीत धरले तरी न पिणाऱ्यांचे बहुमत मोडत नाही. पार्टीत नकार देणारा तरुण एकटा नसतो. त्याच्यासारखे इतर त्या टेबलावर आलेलेच नसतात.

ओळखीचा नोकरीत उपयोग होतो, हा मात्र गैरसमज नाही. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी 1973 मध्ये दाखवून दिले की नव्या नोकरीची माहिती बहुधा जिवलग मित्रांकडून मिळत नाही, ती जुजबी ओळखीच्या माणसांकडून मिळते. जवळच्या मित्रांना आपल्याला ठाऊक असते तेवढेच ठाऊक असते. दूरच्या ओळखीचा माणूस वेगळ्या वर्तुळातील बातमी आणतो. रोज रात्री त्याच चार जणांसोबत बसणाऱ्याचे वर्तुळ म्हणूनच वाढत नाही. जुजबी ओळखी वाढवण्याच्या जागा जिल्ह्यात भरपूर आहेत: अभ्यासिका, माजी विद्यार्थ्यांचे मेळावे, कबड्डी आणि क्रिकेटचे सामने, चहाची टपरी. यवतमाळचा दुर्गोत्सव तर राज्यभर प्रसिद्ध आहे. त्याच्या मंडळात हिशेब, परवानग्या आणि वर्गणी सांभाळणाऱ्या मुलाला व्यापारी, वकील, अभियंते आणि अधिकारी काम करताना पाहतात. विश्वास बसतो तो अशा पाहण्यातून.

सर्वात महागात पडणारा गैरसमज कायद्याबद्दलचा आहे. शेजारच्या वर्धा जिल्ह्यात 1974 पासून, तर गडचिरोलीत 1993 पासून दारूबंदी आहे. चंद्रपूरमध्ये 2015 ते 2021 या काळात ती होती. यवतमाळमध्ये स्वामिनी चळवळीतील स्त्रियांनी बंदीची मागणी लावून धरली, पण विक्री चालू आहे. विक्री चालू म्हणजे पिण्याला आडकाठी नाही, असा अर्थ त्यातून काढला जातो. प्रत्यक्षात 1949 चा दारूबंदी कायदा साऱ्या महाराष्ट्राला लागू आहे. त्यानुसार पिणाऱ्याकडे परवाना लागतो; बीअरसाठी वयाची अट 21 वर्षांची, तर व्हिस्की-रमसारख्या कडक दारूसाठी 25 वर्षांची. महाविद्यालयातून नुकतेच बाहेर पडलेले बहुतेक जण या दुसऱ्या अटीत बसतच नाहीत. विनापरवाना ढाब्यावर दारू पिताना सापडल्यास मालकाबरोबर गिऱ्हाईकावरही गुन्हा दाखल होतो. बाटली गाडीत ठेवून वर्धा जिल्ह्यात जाणे हाही गुन्हाच.

जिल्ह्यातील हजारो मुले पोलीस भरती आणि स्पर्धा परीक्षांची तयारी करतात. निवड झाल्यावर त्यांची चारित्र्य पडताळणी होते आणि दाखल गुन्ह्याची माहिती तिथे द्यावी लागते. ती लपवल्यास नेमणूक रद्द होऊ शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने अवतार सिंग प्रकरणात 2016 मध्ये स्पष्ट केले आहे. एका रात्रीच्या पार्टीची किंमत इतकी मोठी असू शकते. नोकरी लागल्यावरही राज्याचे वर्तणूक नियम कामावर किंवा सार्वजनिक जागी नशेत असण्यास मनाई करतात.

‘बीअर म्हणजे दारू नव्हे’ हे विधान हिशेबात टिकत नाही. 30 मिलिलिटर व्हिस्कीत सुमारे 10 ग्रॅम मद्यार्क असतो, तर आठ टक्क्यांच्या स्ट्राँग बीअरच्या 650 मिलिलिटरच्या एका बाटलीत सुमारे 40 ग्रॅम, म्हणजे जवळपास चार पेगांएवढा. वाहन चालवताना 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमहून अधिक मद्यार्क आढळणे गुन्हा आहे, आणि काळी कॉफी किंवा थंड पाण्याची आंघोळ ते प्रमाण कमी करत नाही.

दारूच्या टेबलावर कामाचे निर्णय होऊ लागले की कार्यालयातील बहुतेक स्त्रिया आपोआप बाहेर राहतात, आणि हे कोणत्याही संस्थेने चालवून घेऊ नये. पार्टी कार्यालयाबाहेर असली की तिथल्या वागण्याचा कार्यालयाशी संबंध नाही, असेही समजले जाते. मात्र 2013 च्या लैंगिक छळ प्रतिबंधक कायद्यात कामानिमित्त भेट दिलेली बाहेरची जागाही कामाचे ठिकाणच मानली जाते.

‘फक्त पार्टीत घेतो, हवे तेव्हा सोडेन’ हा शेवटचा भ्रम. ठरवल्यापेक्षा जास्त पिणे, सकाळी हात थरथरणे, पार्टी नसली तर निमित्त शोधणे ही अवलंबित्वाची लक्षणे आहेत. तो आजार आहे आणि त्यावर उपचार होतात. मात्र रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम थांबल्यास झटके येऊ शकतात, प्रसंगी जीवही धोक्यात येतो. म्हणून दारू डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडावी. यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात दाखवता येते, तसेच 14446 या राष्ट्रीय व्यसनमुक्ती क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो.